स्मरणिकेच्या पान चारवरून गळालेली चौतीस वर्षं: आमच्या फेडरेशनला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व कमिटी मेंबर,
गृहसंकुल फेडरेशन, घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)

विषय: मागची परसबाग, बोअरवेल आणि स्मरणिकेचं पान क्रमांक चार

स.न.वि.वि.

संकुलाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ज्यांना कळणार नाही त्यांनी आपापल्या संकुलाचं नाव घालून वाचलं तरी बिघडणार नाही. कंपनीचंही नाव घेत नाही. मालक वारले, कंपनी गुंडाळली गेली, नाव घेऊन भांडणार कुणाशी? शिवाय हे पत्र कुणाला कोर्टात खेचण्यासाठी नाही. आधी दोनदा साध्या कागदावर लिहून ऑफिसात दिलं होतं. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता चारचौघांत.

आपल्या दहाव्या वर्धापनदिनाची स्मरणिका मिळाली. गुळगुळीत कागद, सुंदर फोटो. पान चारवर ‘आपल्या जागेचा इतिहास’. त्यात लिहिलंय की येऊरच्या डोंगराकडे पाहणाऱ्या या जागेवर पूर्वी हिरवीगार भातशेती डुलत होती, आणि मग थेट भूमिपूजनाचा फोटो. भातशेती होती, हे खरं आहे. आगरी मंडळींची खाचरं होती. ती 1964 साली गेली. 1964 ते 1998 इथे रंगाचा कारखाना होता. रंग म्हणजे भिंतीला द्यायचा नव्हे, कापडाला लागतो तो. त्यातली वीस वर्षं मी तिथे काढली. विसाव्या वर्षी हेल्पर म्हणून लागलो आणि फिल्टर प्रेस ऑपरेटर, म्हणजे माल गाळायच्या यंत्रावरचा माणूस, म्हणून हिशेब घेऊन बाहेर पडलो. आता सी विंगमध्ये चौदाव्या मजल्यावर मुलाकडे राहतो. सी विंग जिथे उभी आहे, तिथे आमचं कँटीन होतं.

माणसाला आपल्या नोकरीच्या जागेवर म्हातारपणी राहायला मिळणं ही गंमतच. मुलाने फ्लॅट बुक केला तेव्हा मला पत्ता सांगितला. मी काही बोललो नाही. रस्ते बदललेले, नाके बदललेले, मला वाटलं पलीकडचा प्लॉट असेल. पझेशनच्या दिवशी गेटवर पिंपळ दिसला आणि पाय थबकले. त्या पिंपळाखाली आमची टाइम ऑफिसची खिडकी होती. तेवढा एक पिंपळ तुमच्या लँडस्केपवाल्याने ठेवला, त्याचे उपकार.

ठाणेकरांना कारखान्यांची लाज कधी नव्हती. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत आपल्या वागळे इस्टेटला उभी राहिली. पोखरण रोडची लोकरगिरणी तर त्याच्याही आधीची, 1925 सालची. आज तिच्या जमिनीवर टॉवर आहेत. टीएमटीत आजही लोक ‘नितीन कंपनी द्या’, ‘गोल्डन डाईज उतरायचंय’, ‘कॅसल मिल आलं का’ असंच म्हणतात. मेट्रो 4 च्या एका स्थानकाला कॅडबरी जंक्शन नाव दिलंय. गाव कारखान्यांची नावं लावून हिंडतं, आणि आपण स्मरणिकेत भातशेतीवरून उडी मारून थेट क्लबहाउसवर येतो. मला ही गोष्ट मानाची वाटली असती तर गप्प बसलो असतो. कामगारांचा फोटो नाही छापला, नसेल छापला. आमच्याकडे तरी कुठे फोटो आहेत? पण इथे गोष्ट मानाची नाही, मातीची आहे.

गेल्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव झाले. मागच्या रिकाम्या पट्ट्यावर मुलांसाठी सेंद्रिय परसबाग करायची. टँकरचा खर्च परवडत नाही म्हणून बंद असलेली बोअरवेल सुरू करून ते पाणी बागेला आणि लहान मुलांच्या उथळ पोहण्याच्या तलावाला वापरायचं. आणि पावसाचं पाणी जिरवायला दोन शोषखड्डे खणायचे. तिन्ही गोष्टी ऐकायला इतक्या चांगल्या की हात वर झाले आणि टाळ्या पडल्या. मी हात वर केला तो बोलण्यासाठी. फ्लॅट मुलाच्या आणि सुनेच्या नावावर आहे, त्यामुळे मी सभासद नाही, सहयोगी सभासदही नाही, म्हणून बोलता येणार नाही असं सांगितलं गेलं. उपविधीप्रमाणे ते बरोबर असेल. पण त्या सभेत, कुठल्या पट्ट्याखाली काय आहे हे माहीत असलेला माणूस एकच होता, आणि तोच सभासद नव्हता.

तर तिथे काय होतं ते सांगतो.

आमच्याकडे मुख्यतः ॲझो रंग व्हायचे. लाकडी व्हॅटमध्ये, म्हणजे मोठ्या हौदात, अमाइन (ज्यापासून रंग बनतो तो कच्चा माल), ॲसिड, वरून नायट्राइट, आणि बर्फाच्या लाद्या फोडफोडून टाकायच्या. तापमान 5 अंशांच्या वर गेलं की माल बिघडायचा, त्यामुळे मे महिन्यात बर्फाची गाडी उशिरा आली की सुपरवायझर गेटवर येरझाऱ्या घालायचा. मग दुसऱ्या व्हॅटमधलं नॅप्थॉलसारखं द्रावण त्यात मिसळलं की एका क्षणात रंग उठायचा. मी हजारो वेळा बघितलं, तरी दर वेळी बघत राहायचो. तो माल माझ्या प्रेसवर यायचा. प्लेटा उघडून लाकडी फावड्याने केक, म्हणजे गाळून उरलेला घट्ट रंग, खरवडायचा, खाली गाळलेलं पाणी गटाराला. हातमोजे असायचे, पण फाटके. नरकचतुर्दशीला उटणं लावून पहिलं तांब्याभर पाणी अंगावर घेतलं की न्हाणीत लाल ओघळ जायचा. आई म्हणायची, याला कुंकवाने आंघोळ घातलीय. माझी उशी कधी पांढरी नव्हती. लग्न झाल्यावर बायको माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची.

हे झालं दिसणाऱ्याचं. न दिसणारं मागच्या बाजूला होतं.

नायट्रो नावाच्या कच्च्या मालाचं अमाइन करताना लोखंडाचा चुरा वापरायचो. काम झालं की व्हॅटच्या तळाशी काळा, जड चिखल राहायचा. आम्ही त्याला नुसतं ‘आयर्न’ म्हणायचो. सल्फ्युरिक ॲसिड उरलं की ते ‘चुन्याने मारायचं’, त्याचा पांढरा लगदा व्हायचा. हे दोन्ही, अधिक फुकट गेलेली बॅच, फाटलेली प्रेसची कापडं, बॉयलरची राख, सगळं बॉयलर हाउसच्या मागे खाडीच्या बाजूला तीन मोठ्या खड्ड्यांत जायचं. खड्डा भरला की वर माती, शेजारी नवा खड्डा. लपूनछपून काही नव्हतं. घातक कचऱ्याचे नियम देशात आले 1989 साली. त्याआधीची पंचवीस वर्षं ही सगळीकडचीच रीत होती. तळोज्याला असा कचरा शास्त्रीय पद्धतीने पुरायची जागा झाली ती आमची कंपनी बंद पडल्यानंतर. नियम आल्यावर आमच्याकडे निळे ड्रम आले, त्यांवर लेबलं आली. खड्डे मात्र जिथे होते तिथेच राहिले. खड्डा उकरून परत काढा, असं आम्हाला कुणी सांगितलं नाही.

1998 मध्ये शेवटचा भोंगा झाला. धंदा वापी-अंकलेश्वरकडे सरकत होता, इथे जमिनीला भाव येत होता. भंगारवाले आले, त्यांनी गॅस कटरने टाक्या कापल्या. टाकीत जे होतं ते टाकी जिथे होती तिथेच ओतलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हिशेबाच्या फेऱ्या मारत होतो तेव्हा. मग बरीच वर्षं रान माजलं. 2007 साली राज्यात नागरी जमीन कमाल मर्यादेचा कायदा रद्द झाला आणि अशा पडीक कंपन्यांच्या जमिनी हलायला लागल्या. विकास आराखड्यात उद्योगाची जागा जांभळी दाखवतात, राहण्याची पिवळी. आमच्या रंगाच्या कंपनीचा शेवटचा रंगबदल कागदावर झाला. वर चार-पाच फूट मुरूम पडला, आणि त्यावर आपण राहायला आलो.

आता गेल्या महिन्याचं. पहिला शोषखड्डा खणायला जेसीबी आला तेव्हा मी पिंपळाखालून निघालो आणि खाडीच्या दिशेने पावलं मोजत गेलो. दोनशे दहा पावलं. बरोबर जुन्या दुसऱ्या खड्ड्याच्या कडेला जेसीबी उभा होता. तांबूस मुरूम निघाला, मग एक पांढरट थर, मग काळा. हवा लागली तसा काळा थर संध्याकाळपर्यंत कडेने गंजत गेला, आयर्न जसं गंजतं तसं. वास मी विसरलो नव्हतो. बाकीच्यांना तो ‘ड्रेनेजचा’ वाटला. काडीने एक ढेकूळ लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातलं, नळाचं पाणी ओतलं, झाकण लावून बाल्कनीत ठेवलं. सकाळी पाणी जांभूळसर लाल होतं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी माझा माल पुन्हा माझ्यासमोर. सुनेने विचारलं, बाबा, हे काय, कोकम सरबत?

इथे मी जपून बोलतो, कारण मी ऑपरेटर आहे, केमिस्ट नाही. पाणी रंगलं म्हणजे ते विषारी आहेच असं नाही. उलटही तितकंच खरं. ज्या अमाइन्सची आम्हाला खरी भीती घालायचे, ती पाण्यात असली तरी पाणी स्वच्छ दिसू शकतं. बेन्झिडीन हे त्यातलं एक. त्याने मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे जगभर मान्य झालेलं आहे, आणि 1990 च्या दशकात आपल्याकडे त्यापासून बनणाऱ्या रंगांवर बंदी आली. आमच्या खात्यातला एक जण त्याच आजाराने गेला. कशामुळे, हे मी सांगू शकत नाही. बिडीही ओढायचा. पण त्याच्या लघवीतून पहिल्यांदा रक्त गेलं तेव्हा आम्ही सगळे ‘रंग असेल रे’ म्हणून हसलो होतो, ते हसू मला अजून झोपू देत नाही.

म्हणून माझ्या तक्रारी. लांबवत नाही.

शोषखड्डा ही चांगली गोष्ट, पण चुकीच्या जागी. पावसाचं पाणी त्या काळ्या थरातून खाली सोडायचं म्हणजे तीस-चाळीस वर्षं जागच्या जागी बसलेला माल धुऊन भूजलात ढकलायचा. आणि त्याच भूजलातून शंभर पावलांवरची आपली बोअरवेल पाणी खेचणार. चहा गाळण्यासारखंच आहे हे. शिवाय खणलेली माती त्याच संध्याकाळी डंपरने गेली. कुठे गेली? दुसऱ्या कुठल्या तरी पायाच्या भरावात? मी विचारलं तर कॉन्ट्रॅक्टरने खांदे उडवले.

बोअरवेलच्या पाण्याची चाचणी झालेली आहे, असं सचिव म्हणतात. तो रिपोर्ट मी पाहिला. पीएच, टीडीएस, हार्डनेस, क्लोराइड, कोलिफॉर्म. मधुमेह आहे का हे बघायला जाऊन वजन-उंची मोजून घरी परत यावं, तसा प्रकार. क्रोमियम, शिसं, तांबं, फिनॉल, अमाइन्स यांपैकी एकाचीही चाचणी मागितलेली नाही. मागितली नाही, म्हणून आढळली नाही.

परसबागेचं तर बोलूच नये. मुळा, गाजर, पालक लावणार, आणि लहान मुलं उघड्या हातांनी माती कालवणार. माझी नात त्या यादीत आहे. पण मुलांच्या आधी माळीदादा आहेत. मुरबाडकडचे दोघे जण त्या पट्ट्यात गेले दोन आठवडे अनवाणी कुदळ मारताहेत, आणि बोअरच्या नळावर तोंड धुताहेत. ते कुठल्याच यादीत नाहीत. ते आपल्याकडे पत्रही लिहिणार नाहीत.

आणि शेवटची तक्रार वागण्याची. संकुलाच्या ग्रुपवर मी बरणीचा फोटो टाकला, तो अर्ध्या तासात काढायला लावला. सचिव घरी आले, चहा घेतला, नीट बोलले. ‘काका, झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळ्यांची कर्जं आहेत, उद्या कुणी फ्लॅट विकायला काढला तर?’ माणूस वाईट नाही. त्यांची अडचण मला कळते, कारण कर्ज माझ्याही मुलाचं आहे आणि फेडायला अजून अकरा वर्षं आहेत. भाव पडला तर माझ्या घरचाही पडेल. पण ही मूठ सव्वा लाखाची आहे की आणखी कशाची, हे कुणीच उघडून पाहिलेलं नाही. कदाचित चाचणीत काहीच निघणार नाही. त्या दिवशी मी स्वतः पेढे वाटीन, आणि लोक मला वेडा म्हातारा म्हणाले तर चालेल.

‘आता इतक्या वर्षांनी काय?’ असंही एकाने विचारलं. 2017 मध्ये तळोज्याला निळी कुत्री फिरायला लागली तेव्हा रंगाच्या पाण्याचं सगळ्यांना दिसलं, कारण कुत्र्यांच्या अंगावर ते दिसत होतं. पुरलेलं दिसत नाही आणि आपोआप नाहीसंही होत नाही. कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना 2001 साली बंद पडला. तिथल्या मातीतला पारा किती मिलिग्रॅमपर्यंत उतरवायचा, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालू होता. इतकी वर्षं झाली, हे उशिराचं कारण झालं. न बघण्याचं नाही.

माझ्या मागण्या अशा.

शोषखड्डे आणि परसबागेचं काम आजपासून थांबवा. उघडा खड्डा ताडपत्रीने झाका, पावसाच्या आत. माळीदादांना आजच गमबूट आणि चांगले हातमोजे द्या, यासाठी कुठल्या ठरावाची गरज नाही.

बोअरवेलला कुलूप. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून जड धातू, फिनॉल आणि सुगंधी अमाइन्सची तपासणी करा. ‘सुगंधी’ हे रसायनशास्त्रातलं नाव आहे, वासावर जाऊ नका. मागच्या पट्ट्यात निदान पाच ठिकाणी मुरुमाच्या खालपर्यंत भोकं पाडून मातीचे नमुने घ्या. जागा मी दाखवतो. आमच्यातले अजून चार जण हयात आहेत, एक कळव्याला, दोघे कोपरीला, एक गावी. स्मरणशक्ती माझ्यापेक्षा त्यांची चांगली आहे. रिपोर्ट येईल तो जसाच्या तसा प्रत्येक विंगच्या नोटीस बोर्डावर लावा. खर्चाचं म्हणाल तर गेल्या नवरात्रातल्या साउंड सिस्टिमचं बिल मी पाहिलंय.

कारखान्याचा जुना नकाशा मिळवा. विकासकाकडे जमिनीची कागदपत्रं असतात, कारखाना निरीक्षकांच्या खात्याकडे नकाशे मंजूर करून घ्यावे लागत, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात उत्पादनांची यादी असते. माहिती अधिकाराचा हक्क नागरिकाला आहे, म्हणून अध्यक्षांनी किंवा सचिवांनी स्वतःच्या नावाने, पदाचा उल्लेख करून अर्ज करावा. मी वैयक्तिक अर्ज करू शकतो, पण तीनशे ऐंशी घरांच्या वतीने गेलेल्या अर्जाचं वजन वेगळं.

जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले आहेत. संशयित जागेची माहिती पोचली की 90 दिवसांत प्राथमिक तपासणी, मग सविस्तर पाहणी, आणि जागा दूषित ठरली तर सफाईचा खर्च ज्याने घाण केली त्याच्याकडून, असा त्याचा ढाचा आहे. चाचणीत काही निघालं तर फेडरेशनने स्वतः पुढे होऊन जिल्हा प्रशासनाला कळवावं. आपण कळवण्याआधी कुणी दुसऱ्याने कळवलं तर मग ती सव्वा लाखाची मूठ आपल्या हातात राहणार नाही.

हे पत्र नगररचनेच्या आणि पर्यावरणाच्या खात्यांत बसलेल्या साहेबांनीही वाचावं. 20,000 चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला 2006 पासून पर्यावरण मंजुरी लागते. फ्लॅट घेताना मुलाने टायटल पाहिलं, बोजा पाहिला, खटले पाहिले. पण या जमिनीवर आधी काय बनत होतं आणि उरलेलं कुठे टाकलं जात होतं, हा रकाना त्याला कुठल्याच कागदावर दिसला नाही. जांभळ्याचं पिवळं करण्याआधी तेवढा एक रकाना घाला आणि त्याला मातीचा रिपोर्ट जोडा. कारखान्यात काम केलेली माणसं जिवंत आहेत तोवर त्यांना विचारा. आम्ही काही पैसे मागणार नाही, चहा पुरे.

आणि पान चार. पुढच्या वेळी छापाल तेव्हा भातशेती राहू द्या, फक्त तिच्याखाली एक ओळ घाला: ‘1964 ते 1998, रंगाचा कारखाना.’

बरणी माझ्याकडे आहे, झाकण घट्ट लावून, नातीचा हात पोचणार नाही अशा फळीवर. ज्यांना पाहायची आहे त्यांनी यावं. सकाळी सात ते साडेसात मी पिंपळाखाली असतो.

कळावे,

आपला,
एक निवृत्त फिल्टर प्रेस ऑपरेटर
सी विंग, चौदावा मजला
(सही फेडरेशनच्या ऑफिसात दिलेल्या प्रतीवर केली आहे.)